बिठूर, कर्वी, बांदा: पेशवे घराण्याचा दुसरा अस्त

१८६६ साली लंडनच्या नौदल न्यायालयात एक अजब दावा निकालात निघाला. त्यात ना जहाज होते, ना समुद्र. भांडण होते लुटीच्या वाटणीचे. आठ वर्षांपूर्वी बुंदेलखंडात बांदा आणि कर्वी या दोन ठिकाणी जनरल व्हिटलॉकच्या फौजेला प्रचंड घबाड हाती लागले होते: रोकड, सोने, जडजवाहीर. ते कोणी घ्यायचे? ज्यांनी प्रत्यक्ष कब्जा केला त्यांनीच, की शेजारच्या मोहिमांवर असलेल्या इतर सेनापतींनीही? न्यायमूर्ती लशिंग्टन यांनी बहुतेक वाटा व्हिटलॉकच्या लोकांना दिला, सरसेनापती लॉर्ड क्लाइड आणि त्याच्या कचेरीलाही हिस्सा दिला, बाकीच्यांचे दावे फेटाळले. इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘बांदा आणि कर्वीची लूट’ या नावाने नोंदला गेला.

ही लूट ज्यांची, ती माणसे मूळची पुण्याची. बांद्याचा नवाब (सावंतवाडीजवळचा बांदा नव्हे, उत्तर प्रदेशातला) हा पहिल्या बाजीरावाचा आणि मस्तानीचा वंशज. कर्वीचे राव हे राघोबादादांच्या दत्तक मुलाचे, अमृतरावांचे वारस. शनिवारवाड्यात एकाच छपराखाली कधी सुखाने न नांदलेल्या या दोन शाखा शेवटी लंडनच्या एका निकालपत्रात शेजारी-शेजारी आल्या. त्याच वावटळीत तिसरी, सर्वांत थोरली मानली गेलेली शाखाही नाहीशी झाली. ती बिठूरची, दुसऱ्या बाजीरावाची आणि त्याच्या दत्तक मुलाची, नानासाहेबाची.

पेशवाई १८१८ साली बुडाली हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण १८१८ साली बुडाले ते राज्य. घराणे बुडाले १८५७-५८ मध्ये, तेही पुण्यापासून हजारभर किलोमीटरवर, आणि तेव्हा पुणे जवळजवळ गप्प होते. या दोन बुडण्यांमधली चाळीस वर्षे नीट पाहिल्याशिवाय दुसरे बुडणे समजत नाही.

आधी एक खुलासा, कारण पुणेकरांचाही यात गोंधळ होतो. पेशव्यांच्या इतिहासात ‘नाना’ तीन. पहिले नानासाहेब, म्हणजे बाळाजी बाजीराव, ज्यांच्या काळात पानिपत झाले. दुसरे नाना फडणवीस, जे पेशवे नव्हतेच, कारभारी होते. आणि तिसरे सत्तावनचे नानासाहेब, धोंडोपंत. या तिसऱ्यांनी पुण्यावर एक दिवसही राज्य केले नाही. दुसरी गोष्ट, पेशवे हे कागदोपत्री छत्रपतींचे प्रधान, राजे साताऱ्याला. पण अठराव्या शतकाच्या मध्यापासून हुकूम पुण्याहूनच सुटत होता, आणि कंपनी सरकारनेही पेशव्यांशी वागताना त्यांना राजाच मानले.

पहिला अस्त मात्र पुण्यातच झाला आणि तो फारच झटपट झाला. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने पेशवे-शिंद्यांच्या फौजेची दाणादाण उडवली. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्याने इंग्रजांशी तह करून गादी परत मिळवली. गादी मिळाली, पण तिच्या पायाखालची जमीन गेली. पुढे गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपूरला झालेला खून, त्र्यंबकजी डेंगळ्याची कैद आणि ठाण्याच्या किल्ल्यातून पलायन, १८१७ च्या जूनमधला पुण्याचा अपमानकारक तह, असे एकेक करत प्रकरण लढाईपर्यंत आले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला तोफा वाजल्या. संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. बापू गोखल्यांच्या हाताखाली सैन्य कैक पट होते, तरी निकाल इंग्रजांकडे झुकला. येरवड्याच्या बाजूला इंग्रजांची आणखी कुमक येताच बाजीरावाने पुणे सोडले, आणि १७ नोव्हेंबरला बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले.

त्यानंतर साडेसहा महिने धावपळ. कोरेगाव झाले, आष्टीला बापू गोखले पडले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. पेशव्यांची पत्नी वाराणसीबाई रायगडावर होती. १८१८ च्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्याने गड पडला तेव्हा ती इंग्रजांच्या स्वाधीन झाली. ३ जून १८१८ ला असीरगडाजवळ धोळकोटला बाजीराव इंग्रज सेनापती जॉन माल्कमच्या छावणीत आला.

माल्कमने जो करार केला तो या प्रकरणाचा कणा आहे. बाजीरावाने स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने पुण्याच्या राज्यावरचा हक्क सोडायचा, दख्खनमध्ये पुन्हा पाऊल टाकायचे नाही, उत्तरेत राहायचे. बदल्यात त्याला स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी वर्षाला किमान आठ लाख रुपये. रक्कम ऐकून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज माल्कमवर चिडला. पण बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा, प्रकृती तोळामासा, आयुष्य ऐषारामात गेलेले. कलकत्त्याच्या हिशेबाने तो फार वर्षे खर्चात पाडणार नव्हता. तो जगला आणखी तेहेतीस वर्षे. कंपनीला अडीच कोटींहून जास्त रुपये मोजावे लागले. बाजीरावाने इंग्रजांचा केलेला हा एकमेव टिकाऊ पराभव म्हणायला हरकत नाही.

इकडे पुण्यात कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन काय करत होता, ते अधिक महत्त्वाचे. ११ फेब्रुवारी १८१८ ला त्याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला: बाजीरावाचे राज्य संपले, पण वतने, इनामे, देवस्थाने, धर्माचार यांना हात लागणार नाही. सरदारांना जहागिरी, शास्त्रीपंडितांना दक्षिणा, साताऱ्याला छत्रपतींचे छोटेसे राज्य. दक्षिणा कमी झाली, पण बंद झाली नाही. तिच्यातल्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. ज्या वाड्यात बाजीराव राहत होता, त्याच वाड्यात ब्राह्मणांची मुले इंग्रजांच्या खर्चाने न्याय आणि व्याकरण शिकू लागली. शनिवारवाड्यात कलेक्टर रॉबर्टसन राहायला आला. पुढे तिथे कैदी ठेवले गेले, वेडे ठेवले गेले. बाजीरावाने हौसेने बांधलेला शुक्रवारवाडा १८२० साली जळाला आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाड्यालाही आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती. तट आणि दरवाजे राहिले, आतले सगळे गेले.

एल्फिन्स्टनची चतुराई ही, की त्याने पुण्यातून पेशवा काढला पण पेशवाईवर जगणाऱ्या माणसांचे ताट ओढले नाही. ज्याला गमावण्यासारखे काही उरते तो सहसा तलवार उपसत नाही. एकोणचाळीस वर्षांनंतर पुणे का उठले नाही, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

बाजीराव कानपूरजवळ गंगेकाठी बिठूरला स्थिरावला. त्याच्या मागोमाग हजारो माणसे गेली: आश्रित, पुजारी, आचारी, शिलेदार, विद्यार्थी. बिठूर हे गंगेकाठचे छोटे पुणेच झाले. वाड्यात मराठी बोलली जाई, श्रावणात ब्राह्मणभोजने उठत. कंपनीने १८३२ मध्ये त्याच्या जहागिरीला आपल्या कोर्टकचेऱ्यांच्या अधिकारातून मोकळे केले. बाजीरावही कृतज्ञ राहिला. अफगाण युद्धाच्या वेळी तिजोरी आटली तेव्हा त्याने कंपनीला पाच लाख उसने दिले, शीखांशी युद्ध पेटल्यावर स्वखर्चाने हजार स्वार आणि हजार पायदळ देऊ केले. उभ्या आयुष्यात त्याने अकरा लग्ने केली, पण मुलगा जगला नाही. १८२७ साली त्याने कर्जतजवळच्या वेणगावहून आलेल्या भट कुटुंबातला लहानगा मुलगा दत्तक घेतला. तोच धोंडोपंत, नानासाहेब. सदाशिवराव आणि गंगाधरराव उर्फ बाळासाहेब यांनाही त्याने दत्तक घेतले. सदाशिवरावाचा मुलगा पांडुरंगराव, म्हणजे रावसाहेब. बिठूरच्या याच वर्तुळात येवल्याच्या रामचंद्र पांडुरंगाचेही बालपण गेले. पुढे जग त्याला तात्या टोपे म्हणून ओळखू लागले.

२८ जानेवारी १८५१ ला बाजीराव वारला आणि करारातला प्रश्न उघड्यावर आला. ‘कुटुंबाच्या निर्वाहासाठी’ म्हणजे बाजीराव असेपर्यंत, की कुटुंब असेपर्यंत? नानासाहेबांचे म्हणणे सरळ होते. राज्य कायमचे सोडले, तर मोबदलाही कायमचा हवा. लॉर्ड डलहौसीचे उत्तरही सरळ होते: पेन्शन व्यक्तीला होते, व्यक्ती गेली, पेन्शन गेले, इतकी वर्षे मिळालेल्या पैशातून बाजीरावाने भरपूर साठवले आहे, तेवढे पुरे. कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी ती मालमत्ता तीस लाखांच्या आसपास धरली होती. जमीन नानाकडे राहिली, पण अधिकाराची सूट गेली, आणि महाराज, पंतप्रधान ही बिरुदे लावायलाही मनाई झाली. शेकडो माणसे पोसणाऱ्या घराला हे दुहेरी होते: खर्च तोच, मान गेलेला.

डलहौसीची बाजू कायद्याने अगदीच लंगडी होती असे म्हणता येणार नाही. पण राज्यकारभारात काटकसर कुठे करायची नसते, हे त्याला कळले नाही. आठ लाख वाचवताना त्याने उत्तर हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या मराठी घराण्याला मोकळे, नाराज आणि बिनकामाचे करून ठेवले. तेही लष्करी छावणीपासून काही कोसांवर.

नानाने अर्ज लंडनला पाठवला. बरोबर अझीमुल्ला खान. हा तरुण लहानपणी इंग्रजांच्या घरी स्वयंपाकघरात चाकरीला होता, तिथून इंग्रजी आणि फ्रेंच शिकला. लंडनच्या बड्या घरांत त्याने छाप पाडली. कंपनीच्या संचालकांवर मात्र नाही. अर्ज फेटाळला गेला. परतीच्या वाटेवर तो कॉन्स्टँटिनोपल आणि क्रायमियाला गेला आणि रशियन तोफांपुढे हतबल झालेली इंग्रज फौज त्याने डोळ्यांनी पाहिली. ‘टाइम्स’चा बातमीदार रसेल याची आणि त्याची तिथे गाठ पडली होती. बिठूरला परतलेल्या या माणसाजवळ पेन्शन नव्हते, पण इंग्रज अजिंक्य नाहीत ही माहिती होती. लंडनमध्ये त्याच्याआधी चौदा वर्षे रंगो बापूजी गुप्ते साताऱ्याच्या छत्रपतींसाठी असेच दार ठोठावत बसले होते. तेही रिकाम्या हाताने परतले.

मग १८५७. मे महिन्यात मेरठ आणि दिल्ली पेटली. कानपूरचा कलेक्टर हिलर्सडन याने मदत मागितली ती नानासाहेबांकडेच, कारण उठबस होती, विश्वास होता. नाना तीनशे माणसे आणि दोन तोफा घेऊन नवाबगंजच्या खजिन्याच्या रखवालीला आले. ४ जूनच्या रात्री शिपाई उठले, खजिना फुटला आणि पलटणी दिल्लीच्या वाटेला लागून कल्याणपूरपर्यंत पोचल्या. तिथून त्या माघारी फिरल्या, नानाच्या नेतृत्वाखाली. कट आधीपासून ठरला होता की त्या दोन दिवसांत नानाला निवड करावी लागली, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला दुसरे जास्त पटते. ज्याच्या हाती आधीच योजना आहे, तो शत्रूला आपल्या तोफा रखवालीला देत नाही, हे एक. आणि शिपायांना दिल्लीऐवजी कानपुरात थांबवण्यात पेशव्याचा स्वार्थ स्पष्ट दिसतो. दिल्लीत तो बादशहाचा एक मांडलिक ठरला असता. कानपुरात तो पेशवा होता.

जनरल व्हीलर मातीच्या एका तोकड्या मोर्चात नऊशे-हजार माणसांसह अडकला. त्यांतली बरीचशी बायका-मुले. वीस दिवसांच्या वेढ्यानंतर सुखरूप अलाहाबादला जाऊ देण्याच्या बोलीवर त्यांनी शस्त्रे ठेवली. २७ जूनला सतीचौरा घाटावर नावांत बसताना गोळीबार झाला आणि कत्तल उडाली. वाचलेल्या बायका-मुलांना बीबीघरात ठेवले. १५ जुलैला, इंग्रजी फौज शहराच्या वेशीवर असताना, सुमारे दोनशे जणांना तिथे ठार केले आणि प्रेते विहिरीत टाकली. नानाने हे हुकूम तोंडाने दिले का, याचा कागद नाही. पण कानपुरात त्या दिवसांत राज्य त्याच्या नावाने चालत होते, १ जुलैला बिठूरला त्याने स्वतःला पेशवा म्हणून घोषित करवून घेतले होते. तेव्हा जबाबदारीतून त्याला सोडवता येत नाही. राष्ट्रवीर ठरवण्याच्या भरात आपण मराठी लोक हा मजकूर दोन ओळींत उरकतो. तो उरकू नये. आणि त्यानंतर इंग्रज अधिकारी नील आणि त्याच्यासारख्यांनी सूडाच्या नावाखाली जे केले, निरपराध गावे जाळली, कैद्यांकडून रक्त साफ करवून मग त्यांना फाशी दिले, तेही उरकू नये.

इंग्रज सेनापती हॅवलॉक १७ जुलैला कानपुरात शिरला. दोनच दिवसांत बिठूरचा वाडा जळत होता. डिसेंबरात होप ग्रँटच्या तुकडीने वाड्याच्या विहिरींतले पाणी उपसून सोन्या-चांदीची भांडी, नाणी, चांदीचा हौदा बाहेर काढला. पुण्याहून निघताना बाजीरावाने जे काही वाचवले होते, त्यातलेही बरेच त्या चिखलातून वर आले असणार.

आता कर्वी. चित्रकूटजवळच्या या गावी अमृतरावांचे वारस राहत. हे तेच अमृतराव, ज्यांच्या मुलाला, विनायकरावाला, १८०२ मध्ये होळकराने पुण्याच्या गादीवर बसवू पाहिले होते. इंग्रजांशी समेट करून अमृतराव मोठ्या नेमणुकीवर उत्तरेत आले, काशीला त्यांनी घाट बांधला. विनायकराव १८५३ साली औरस मुलाशिवाय वारला. त्याचे दत्तक मुलगे नारायणराव आणि माधवराव. त्यांची नेमणूक कंपनीने बंद केली. बिठूरच्या प्रकरणाची जणू नक्कलच. १८५७ मध्ये इंग्रजी अंमल उठला तेव्हा कर्वीत रावांचा अंमल बसला. ६ जून १८५८ ला व्हिटलॉक कर्वीत शिरला तेव्हा एक गोळीही झाडली गेली नाही; राव आधीच शरण आले होते. तरीही ही ‘युद्धात मिळवलेली लूट’ ठरली आणि तिच्यावर लंडनमध्ये वर्षानुवर्षे वकील पोसले गेले. नारायणराव हजारीबागच्या कैदेत मेला. माधवराव अल्पवयीन, म्हणून त्याला माफी मिळाली, तीस हजारांची नेमणूक मिळाली आणि बरेलीला सरकारी देखरेखीखाली शिक्षण मिळाले.

बांद्याची गोष्ट मला या तिन्हींत सर्वांत विलक्षण वाटते. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर पानिपतानंतर जखमांनी गेला. त्याचा मुलगा अली बहादूर याला पुणे दरबाराने उत्तरेत पाठवले आणि त्याने बुंदेलखंडात स्वतःचे राज्य उभारले. शनिवारवाड्याच्या एका दरवाज्याला मस्तानी दरवाजा किंवा अलीबहाद्दर दरवाजा म्हणतात, ते याच घराण्यावरून. १८०४ पासून इंग्रजांनी त्यांना वर्षाला चार लाखांवर आणून बसवले. सत्तावनात नवाब होता दुसरा अली बहादूर. जूनमध्ये बांद्यात उठाव झाला तेव्हा त्याने आधी इंग्रज कुटुंबांना आसरा दिला, नंतर शहर त्याच्या हाती आले. एप्रिल १८५८ मध्ये व्हिटलॉकने त्याचा पराभव केला. तो काल्पीला रावसाहेब आणि तात्यांना जाऊन मिळाला. बाजीराव पेशव्यांच्या घराने ज्या रक्ताला पंक्तीत घेतले नव्हते, ते रक्त शेवटच्या मोहिमेत पेशव्याच्या झेंड्याखाली उभे होते. नोव्हेंबरात इंग्लंडच्या राणीचा माफीचा जाहीरनामा निघाल्यावर नवाब शरण आला. त्याला इंदूरला ठेवले. चार लाखांचे झाले छत्तीस हजार.

काल्पी पडल्यावर रावसाहेब, तात्या आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांनी जे केले ते लष्करी दृष्टीने वेडे धाडस आणि राजकीय दृष्टीने कमालीचे होते. १ जून १८५८ ला ग्वाल्हेरची शिंदेशाही फौज त्यांना मिळाली आणि जयाजीराव शिंदे आग्र्याला पळाले. ३ जूनला फुलबागेत दरबार भरला आणि नानासाहेबांच्या नावाने पेशवाई जाहीर झाली. बाजीराव माल्कमपुढे आला त्याला त्या दिवशी बरोबर चाळीस वर्षे झाली होती. पण दरबार, पोशाख, दक्षिणा आणि जेवणावळी यांत मोलाचे दिवस गेले. इंग्रज सेनापती ह्यू रोज पंधरवड्यात येऊन थडकला. लक्ष्मीबाई लढताना पडल्या, ग्वाल्हेर गेले. बिठूरच्या माणसांना गादी मिळाली की आधी सोहळा आठवायचा. चाळीस वर्षे नुसत्या मानावर जगलेल्या घराला दुसरे सुचणार तरी काय?

तात्या दहा महिने रानोमाळ इंग्रजांना झुलवत राहिले. एप्रिल १८५९ मध्ये फितुरीने पकडले गेले आणि १८ तारखेला शिप्रीला फासावर गेले. त्याच महिन्यात नानासाहेबांची पत्रे नेपाळच्या सरहद्दीवरून इंग्रजांकडे आली. बायका-मुलांच्या कत्तलीचा दोष आपल्यावर नाही, असे त्यांत म्हटले होते. शरण येण्याची भाषा नव्हती. डोक्यावर एक लाखाचे बक्षीस होते. सोबत भाऊ बाळासाहेब, बायको काशीबाई, बाजीरावाच्या विधवा मैनाबाई आणि सईबाई. तराईत हिवताप. त्या वर्षीच्या शरदात नाना तापाने वारले असे नेपाळ दरबाराने कळवले. बाळासाहेबही तिथेच गेले.

बायका वाचल्या आणि काठमांडूत थापाथळीला जंगबहादूर राणाच्या आसऱ्याला राहिल्या. आसरा फुकट नव्हता. पेशव्यांचे जवाहीर एकेक करून राणांच्या खजिन्यात गेले. मोती, हिरे आणि पाचूंचा प्रसिद्ध नवलखा हार त्यांतच, जो पुढे दरभंग्याच्या महाराजांकडे पोचला. राज्य गेले तेव्हा वाराणसीबाई रायगडावर, घर गेले तेव्हा मैनाबाई आणि काशीबाई नेपाळात. पुरुषांच्या मरणावर पोवाडे झाले. या बायका परक्या दरबारात कशा जगल्या, यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे.

नाना मेला यावर इंग्रजांचा मात्र विश्वास बसेना. साधू, फकीर, बैरागी पकडले जात, ‘हाच तो’ म्हणून साक्षीदार पुढे येत. १८७४ साली खुद्द जयाजीराव शिंद्यांनी एक माणूस नाना म्हणून इंग्रजांच्या हवाली केला. चौकशीत तो भलताच निघाला. तिकडे युरोपात नाना कादंबऱ्यांतला खलनायक झाला होता. ज्यूल व्हर्नने १८८० मध्ये वाफेच्या हत्तीची कादंबरी लिहिली, तिच्यातही नाना आहे.

आणि पुणे? कानपूर इंग्रजांनी घेतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जुलै १८५७ ला, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. १४ जून १८५८ ला, ग्वाल्हेरची पेशवाई अखेरचे दिवस मोजत असताना, पुणे-खंडाळा आगगाडी सुरू झाली. लोकहितवादींची शतपत्रे येऊन दशक होत आले होते आणि त्यांत बाजीरावाच्या कारभाराचे वाभाडे होते. भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेला नऊ वर्षे झाली होती. पेशवाई परत यावी असे वाटणारे घरोघरी होते, पण ती परत आली तर आपले काय, हा प्रश्न विचारणारेही तेवढेच होते. आणि फुल्यांच्या शाळांत शिकलेल्या मुलांना तर त्या राज्यात परतण्याचे कारणच नव्हते. खडकी आणि कॅम्पातल्या गोऱ्या पलटणी होत्याच.

महाराष्ट्र अगदीच शांत नव्हता, हेही खरे. ३१ जुलैला कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली, तिथल्या छत्रपतींचे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवले. साताऱ्यात सप्टेंबरात रंगो बापूजींच्या मुलासह सतरा जणांना मारले; खुद्द छत्रपतींच्या घरच्या माणसांना हद्दपार केले. नरगुंदचे बाबासाहेब भावे मे १८५८ मध्ये उठले आणि जूनमध्ये बेळगावला फासावर गेले. डलहौसीने आणि इनामे तपासणाऱ्या इनाम कमिशनने जिथे ताटे ओढली होती, तिथेच आग लागली. पुण्यात ती ओढली गेली नव्हती, निदान त्या प्रमाणात नव्हती.

इंग्रजांनी यातून धडा घेतला, तो मात्र पेशव्यांच्या कामी आला नाही. लॉर्ड कॅनिंगने मार्च १८६२ मध्ये देशभरच्या संस्थानिकांना सनदा दिल्या: औरस मुलगा नसेल तर दत्तक घ्या, सरकार तो मान्य करील. नाना लंडनपर्यंत दत्तकाचा जो हक्क मागत होता, तो जवळजवळ सगळ्यांना मिळाला. रावसाहेब जम्मूकडे वेश बदलून राहत असताना त्याच वर्षी पकडले गेले. खटला कानपुरात चालला आणि २० ऑगस्ट १८६२ रोजी त्यांना फाशी देण्यात आले.